दगडी ज्वारीचा नमुना

जालन्याच्या मोंढ्यामागे, दुसऱ्या मजल्यावर
मी दिवसभर एकच प्रश्न विचारते
चारशे दाण्यांना, शंभर-शंभरच्या चार रांगांत:
आहेस का?

घनसावंगीहून आलेल्या चांगुणाबाईंनी
डालड्याचा जुना डबा टेबलावर ठेवला.
वर राख, मध्ये कडुलिंबाचा पाला, भुगा झालेला,
तळाशी दगडी ज्वारी.
थोरल्या जावेनं भरलेला. अकरा वर्षं झाली.
जाऊ गेली, झाकण तसंच राहिलं.
"बाई, जितं हाय का मेलं, तेवढं सांगा."

तेवढंच.

भाचा सुमेध पाचवीत. त्याची वही म्हणते,
सजीव हालतो, खातो, वाढतो, श्वास घेतो,
आपल्यासारखं दुसरं घडवतो.
"मग भट्टीतली आग? पाचट खाते, हवा ओढते,
एकीतून दुसरी पेटते.
आणि विटा वाहणारं खेचर?
त्याला तर पिल्लंच होत नाहीत."
मी म्हटलं, आधी जेव.

वहीच्या हिशेबानं डब्यातला दाणा
खड्याच्या रकान्यात जातो.
अकरा वर्षांत हालला नाही, वाढला नाही,
श्वास घेतला असेल तर इतका हळू
की राखेलाही कळला नसेल.

आमचे नियम वेगळे.
पहिल्या दिवशी चिमट्यानं काडी, माती, खडा बाजूला:
निर्जीव पदार्थ, एक पूर्णांक दोन टक्के.
फुटका दाणा अर्ध्याहून मोठा असला तर बी,
अर्धा किंवा लहान, तर निर्जीव.
कुठंतरी रेघ मारावी लागते,
ती आम्ही दाण्याच्या मधोमध मारलीय.

रुजवण्याच्या चाचणीला दहा दिवस लागतात.
चांगुणाबाईंना परवा पेरायचं होतं.
म्हणून एक शंभर रात्रभर भिजवले,
सकाळी पात्यानं उभे चिरले, कोंबाच्या बरोबर मधून,
बिनरंगी औषधात बुडवून
अंधाऱ्या कपाटात ठेवले, आणि चहा घेतला.

आत श्वासाचं काम चालू असेल
तर औषध तिथंच लाल होतं.
भोवतीचं पीठ पांढरं राहतं, जित्या दाण्यातसुद्धा;
तो नुसता शिधा, प्रवासाला बांधून दिलेला.
लाल होतो तो इवलासा कोंब,
कुंकवासारखा, असं लिहिलं होतं मी एकदा;
साहेबांनी खोडलं. अहवालात उपमा चालत नाही.

अडतीस लाल.
त्रेपन्न पांढरे, दुधात भिजल्यासारखे गप्प.
नऊ जणांचा कोंब लाल आणि मूळ पांढरं.
वर जाणारं जागं, खाली जाणारं गेलेलं.
त्यांना वेगळा रकाना नाही.
मी "रुजणार नाही"मध्ये टाकले,
आणि पेन थोडा वेळ तसंच धरून बसले.

अडतीस जिवंत निघाले, तेही आता रुजणार नाहीत.
मीच चिरले ना.
डब्यातल्या बाकीच्यांना कुणी विचारलं नाही;
त्यांच्या वतीनं यांनी उत्तर दिलं.

चांगुणाबाईंनी कागद उलटा धरून पाहिला.
"शंभरात अडतीस जिते आहेत," मी म्हणाले,
"दाट पेरा."
त्यांनी डब्यात हात घातला, मूठ भरून वर काढली,
बोटांतून दाणे सोडत माझ्याकडे बघितलं:
"कोणते अडतीस?"

खाली मोंढ्यात हमालांचा गलका चालू होता.
मी काही बोलले नाही.
त्यांनी झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं,
आणि टेबलावर सांडलेली राख
तळहातानं गोळा करून
परत आत टाकली.