बावीसातले सतरा

जहाजावर होतो तेव्हा इंजिनाच्या पोटात उभा राहायचो.
बारा हजार घोडे, आणि एकाचंही तोंड दिसायचं नाही.
आता बार्शेच्या या उतारावर
माझ्याकडे बावीस आहेत, नारिंगी रंगाचे,
मडगावच्या दुकानदारानं पत्रकावर बोट ठेवून मोजून दिलेले.

करड छातीला लागतं.
पाऊस जाऊन तीन आठवडे झाले, तरी बुडात हात घातला
की ओल लागते,
आणि मागच्या वर्षीचं मेलेलं गवत खाली
गादीसारखं दाबून बसलेलं.
काजू धरायच्या आत झाडांखालची जमीन दिसायला हवी.
गवतात पडलेली बी आपली नव्हे,
साळिंदराची.

पहिल्या दिवशी पाच फुटी कटर जोडला.
रुंद पातं, कमी फेऱ्या, असा माझा हिशेब.
वीस पावलं गेलो असेन.
आधी आवाज जाड झाला, मग धूर काळा,
मग गरम तेलाचा वास,
मग एवढी शांतता
की खालच्या व्हाळाचं पाणी ऐकू आलं.

केप्याहून सिप्रू आला, स्कूटरवर, चपला घालून.
बॉनेट उघडलंच नाही त्यानं.
गवताची एक मूठ उपटली, पिळली,
तळव्याची ओल पँटला पुसली.
"बावीस कागदावर," म्हणाला,
"मागच्या शाफ्टापर्यंत पोचतात सतरा.
बाकीचे वाटेत जातात. पंप खातो, पंखा खातो, गियर खातात.
असल्या गवताला फुटामागे पाच लागतात.
कर गुणाकार."

केला. पंचवीस.
आठ घोडे कमी.

मोठा ट्रॅक्टर घेऊ का, विचारलं.
सिप्रू झाडांकडे बघून हसला.
काजूच्या फांद्या इथे कमरेशी येऊन वाकतात,
हा छोटासुद्धा मी मान खाली घालून चालवतो.
"आठ आहेत तुझ्याकडे," तो म्हणाला, "सावकाशीत आहेत.
इंजिन पळव. चाकं पळवू नको."

तर आता असं:
दंव उतरेपर्यंत, दहा वाजेपर्यंत, थांबायचं.
शाफ्टाचा काटा पाचशे चाळीसवर,
गियर सगळ्यात खालचा,
पातं वीतभर वर.
पाच फुटांतले अडीचच गवतात घालायचे,
उरलेले अडीच कापलेल्यावरून रिकामे फिरवायचे.
दुसऱ्या फेरीला पातं खाली, दिशा उलट.
उपासो वेळीप कोयता खांद्यावर टाकून बाजूनं चालतो,
चालता चालता माझ्यापुढे जातो,
थांबतो, विडी पेटवतो,
मी पोचेपर्यंत ती संपलेली असते.

चौथ्या दिवशी वरच्या कोपऱ्यात खाडकन आवाज.
शाफ्ट फिरतोय, पातं उभं.
वाकून बघितलं तर शियर बोल्ट तुटलेला.
मऊ लोखंडाचा, पंधरा रुपयांचा,
गियरबॉक्स वाचावा म्हणून
आधी तुटण्यासाठीच बसवलेला.
जहाजावरही असायचे असे भाग.
त्यांची किंमत मी कधी विचारली नव्हती.

उपासोनं हातानं करड बाजूला केलं.
खाली कोळंबी.
कातळात कोरलेली, बोंडं तुडवायची,
आत पावसाचं उरलेलं पाणी, दोन बेडूक,
आणि काठावर माझ्या पात्याचा ताजा तांबडा ओरखडा.
"हांगाच आशिल्ली ती," तो म्हणाला. "म्हाका खबर आशिल्ली."
मग बोलला का नाहीस?
"तूं आजून हांगा पावूंक नाशिल्लो."

नवा बोल्ट घातला. खिशात आता सहा असतात.
इंजिन बंदच ठेवलं थोडा वेळ,
बॉनेटवर हात ठेवला की भाजेल इतकं तापलेलं.
कोळंबीभोवतीचं गवत उपासोनं कोयत्यानं काढलं,
उकिडवा बसून, गोल फिरत, दगडाला न लागता.

फुटामागे किती लागले,
मी विचारलं नाही.