टंच

सकाळी साडेसहाला गुजरीतली शटरं झोपलेली असतात
आणि हौसाक्का झारेकरीण गटारीकडेला उकिडवी बसून
तारेच्या ब्रशानं फरशीच्या फटी कोरत असते.
पाटीत चिखल, काड्यापेटीच्या काड्या, भडंगाचे चुरमुरे,
कुणाची तरी पानाची पिंक.
तीन दिवस ती हे सगळं धुणार, निथळणार, पुन्हा धुणार,
आणि चौथ्या दिवशी मोहरीएवढं काहीतरी
कागदात गुंडाळून माझ्यापुढं ठेवणार.
“बग रं मास्तर, किती भरतंय.”

मी शद्रक भोरे. बत्तीस वर्षं टंच काढतो.
काळा दगड, तेजाबाची बाटली, एक बुटकं स्टूल.
दागिना घासायचा, रेघ बघायची, आकडा सांगायचा.
ब्याण्णव. चौऱ्याऐंशी. पंच्याहत्तर.
आकडा ऐकून माणसाचा चेहरा कसा उतरतो
ते मी वर न बघता सांगू शकतो.
एका सूनबाईचा साज निम्मा लाखेचा निघाला,
तेव्हा ती साजाकडे नाही,
सासूकडे बघत होती.

घरचं सोनं मात्र कोण घासतं?

नाताळाच्या आदल्या आठवड्यात धाकटीची नर्सिंगची फी आली.
सलोमीनं साबण लावून अंगठी काढली,
लग्नातली, तिच्या अण्णांनी घातलेली,
आणि माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. बोलली काही नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.
मी रेघ ओढली. थेंब सोडला.
हिरवा फेस आला
आणि रेघ गेली.

पितळ. वरून पाणी दिलेलं.

अण्णा शाहूपुरीत गुळाच्या रव्यांना गोणपाट शिवायचे.
दाभणानं बोटांची चाळण झालेली.
त्या बोटांनी मोजून दिलेले पैसे कुणीतरी घेतले होते,
हसून, कदाचित चहा पाजून,
कदाचित याच गल्लीत.

रात्री मी सांगितलं. सांगणं माझा धंदाच.
ती भाकरी उलटत होती.
“ठाऊक हाय. दुसऱ्याच पावसाळ्यात बोट हिरवं पडलं.”
“मग?”
“मग काय? दर शनिवारी चिंच लावून घासायची.
रविवारी देवळात अण्णा आधी माझ्या बोटाकडं बघायचे,
मग वेदीकडं.”

अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली.
“आणि त्यानंतर?”
“त्यानंतर सवय,” म्हणाली, आणि भाकरी फुगली.

त्या रविवारी पाळकांनी हरवलेल्या नाण्याची गोष्ट घेतली.
दिवा लावून घर झाडणारी ती बाई.
लहानपणापासून ऐकतोय, तोंडपाठ आहे,
आणि दर वेळी मी नाण्याचाच विचार केला:
चांदी किती, घट किती.
या वेळी बाई दिसली.
काष्टा खोचलेला, नखांत चिखल, कमरेवर हात ठेवून उठणारी,
पुन्हा बसणारी.
मी बाकाचा कठडा धरला.
इतकी वर्षं देवाला मी स्टुलावर बसवलं होतं,
हातात काळा दगड देऊन,
आणि माझी पाळी येईल त्या दिवसाला भीत आलो होतो.
तो तर सकाळी साडेसहालाच येऊन गेलेला,
खाली, गटारीकडेला.

शेजारी सलोमीनं थैलीत वीस रुपये टाकले.
बोट चिंचेनं घासलेलं, झळझळीत.

फी स्कूटर विकून भरली. आता चालत जातो,
बिंदू चौकातून, गुडघा कुरकुरतो.
अंगठीचा टंच वहीत लिहिला नाही.
लिहायला आकडा नव्हता असं नाही.

शनिवारी दिवा मालवताना हौसाक्का पायरीशी येते.
“शर्ट झाड, मास्तर. तुझ्या अंगावरबी असतंय.”
“माझ्या अंगावर काय असणार, आक्का?”
“तुला न्हाई दिसायचं त्ये.”

मी पायरीवर उभा राहतो, बाह्या झटकतो,
विजारीच्या दुमडी सोडतो.
काही पडताना दिसत नाही.
ती खाली सूप धरून असते,
हलत नाही.