वहीत अजून आत

स्कारबरोला नोव्हेंबरात कोणी फिरकत नाही,
म्हणून हॉटेल स्वस्त, आणि म्हणून दरवर्षी आम्ही:
गुन्हे घडू नयेत यासाठी पगार घेणारी एकशे चाळीस माणसं.
कौन्सिलवाले, निवृत्त हवालदार,
रस्त्यावरच्या दिव्यांचे दोन अबोल इंजिनिअर,
कुलपं विकणारा एक हसरा गृहस्थ.
दारातल्या टेबलावर वही. आल्याची वेळ, सही,
मग गळ्यात नावाची पट्टी.
काळे हे त्यांच्या लिपीत केल होतं,
केल म्हणजे इथली एक पालेभाजी.
मी आता दुरुस्त करत नाही.

सकाळचं सत्र झुडपांवर.
कुंपणाची झाडी कमरेच्या वर नको,
झाडाची फांदी डोक्याच्या खाली नको,
मधली पट्टी नजरेसाठी मोकळी.
मी लिहून घेते. हे खरं आहे, मी पाहिलंय.
वॉल्सॉलला मागच्या दारांची एक बोळ होती,
चौदा महिने पत्रं लिहून तिथे मी एक दिवा लावून घेतला,
आणि ग्वेंडा प्रॉबर्ट नावाची म्हातारी
सहा वर्षांनी गुरुवारी रात्री बिंगोला गेली,
सतरा पौंड हरून घरी आली.
तिला कोणी लुटलं नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
न घडलेल्याची पावती फाडत नाही कोणी.

जेवणाआधी एक जुना घरफोड्या बोलला.
पट्टीवर नुसतं 'पाहुणा'.
'कुलूप मी कधी पाहिलंच नाही,' तो म्हणाला,
'मी बघायचो कुत्र्याचं भांडं. पाणी ताजं आहे का.'
सगळे हसले. कुलुपवालाही हसला,
आणि प्रत्येकाला एक छोटं कुलूप फुकट वाटलं, दोन किल्ल्यांसकट.

दुपारी नकाशा.
कोवळ्या दाढीच्या डॉक्टर लँगरिजने
उद्याचे गुन्हे आजच लाल करून दाखवले.
'माणसं नाहीत हं,' तो घाईने म्हणाला, 'फक्त चौकोन.'
माझा चहा निवला.

सोलापूरला तारेच्या आत
माझा आजा जन्मला, पारध्याच्या पोटी,
एवढा पुरावा साहेबाला पुरला.
त्याने काही केलं नव्हतं. तो करील, असं लिहिलेलं होतं.
दिवसा गिरणी, रात्री हजेरी.
बाप सांगायचा, आज्याचा थोरला भाऊ गेला
त्या रात्रीही त्याचं नाव पुकारलं,
आणि रांगेतून कोणीतरी 'हाजर' म्हणालं,
सवयीनं.

हात वर केला. माईक आला.
बाप, आजा, गिरणी, काहीच बोलले नाही मी,
एवढंच विचारलं: लाल केलेला चौकोन
पुसतो कोण, आणि कधी?
'फार चांगला प्रश्न,' लँगरिज म्हणाला.
पोरगा प्रामाणिक, कानापर्यंत लाल झाला.
अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. बिस्किटं आली.

संध्याकाळी मी सही न करताच बाहेर पडले.
ओहोटी होती. सवय जात नाही,
दिवे मोजले: प्रत्येक तिसरा बंद.
समुद्राकडे तोंड करून एक बाक,
मधोमध लोखंडी दांडा,
कोणी आडवं होऊ नये म्हणून.
माझ्यासारख्याच कोणाची तरी शिफारस असणार.
मी तिरकी बसले. खिशातलं कुलूप
उघडत राहिले, लावत राहिले,
बोटं गार पडेपर्यंत.

सकाळी टेबलावरच्या बाईचा चेहरा काळजीत.
'मिसेस केल, काल रात्री आग लागली असती
तर आम्ही तुम्हाला आतच शोधत बसलो असतो.
हे पाहा, वहीत तुम्ही अजून आत आहात.'
तिने रकान्यावर बोट ठेवलं: गेल्याची वेळ.
मी पेन घेतलं.
कुठली वेळ लिहावी ते सुचेना,
आणि मागे रांग लागली होती.