थांब-जरा

ओढ्याकाठानं नोलीन पुढे, मी मागे.
तिच्या मोज्यांना साबण चोळलेला, जळवा चढू नयेत म्हणून;
कानामागे पेन्सिलीचं थोटूक.
तीस वर्षं टपाल वाटलं तिनं क्वीन्सलंडच्या या डोंगरात,
अजून दर वळणावर थबकते,
कुणाचं तरी दार असल्यासारखी.

"हा बघ, आत्ताच गेलाय."
वाटेत कॅसोवरीच्या विष्ठेचा ढीग,
त्यात निळी फळं, अख्खीच्या अख्खी.
पक्षी कुठंच नाही.

मला घाई. प्लॅटिपस हवा होता,
अंधार पडायच्या आत, फोटोसकट.

तेवढ्यात बाही धरली कुणीतरी.
वेल. सुतळीएवढी, अंगभर आकडे.
इथली माणसं तिला
'थांब-जरा' म्हणतात.
"ओढू नकोस, फाडेल. मागं ये."

मागं आले.
एकेक आकडा सोडवत वाकले,
तर खाली तपकिरी पाण्यात
बुडबुड्यांची ओळ निघाली,
वळली, तुटली,
आणि एक चपटी चोच
श्वासापुरती वर.

गेलीही.

नोलीननं वहीत लिहिलं: एक.
वेळ विचारली. मला सांगता येईना.
हात अजून वेलीतच होता.