तीन तीन चार एक

बाबांच्या पट्ट्याला पेजर असायचा, कंपनीचा,
कडेला खवले चिकटलेला.
त्यात फक्त आकडे उमटत. अक्षरं नाहीत.

त्र्याण्णव साल. आई नऊ दोन अकरा झालेली,
आणि बाबा रात्री दोनलाच निघत
कुशिरोच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावाला.
मागे धुक्याचा भोंगा, मी, आणि फोन.

शाळेत आम्ही मुली आकड्यांत बोलायचो.
आमच्याकडे प्रत्येक आकड्याला दोन-तीन नावं,
त्यातलं हवं तेवढंच तोडून घ्यायचं,
डोकं-शेपूट काढून मासा घ्यावा तसं.
एक शून्य चार : इ-वा-शी, तारली.
दातांच्या डॉक्टरचा नंबर चार सहा एक आठने संपायचा :
शी-रो-इ-हा, पांढरा दात.
पाचाचं वर्गमूळ विचारलंत तर अजून मला
फुजीच्या पायथ्याशी पोपट ओरडताना ऐकू येतो.

आणि तीन तीन चार एक :
सा-मि-शी-इ.
एकटं वाटतंय.

तेच पाठवलं. पहाटेचे तीन वाजले असतील.
बाबांनी वाचलं तेहेतीस एक्केचाळीस,
बंदरातलं कुठलंसं एक्स्टेन्शन. लावलं.
"बर्फघर," पलीकडून ओनोदेरा म्हणाला, "किती पाठवू?"
बाबा भिडस्त.
कुणी आठवण काढली आणि आपण काहीच न घेता
फोन ठेवायचा कसा?
"दोन पेट्या," म्हणाले.

हिवाळाभर हे चाललं.
मला झोप लागली नाही की धक्क्यावर बर्फ यायचा.
फेब्रुवारीत. कुशिरोत. बर्फ!
हमाल हसायचे, योशिझोचं डोकं गोठलंय म्हणायचे.
पैसे पगारातून कापले जायचे.
घरी मी वाट बघायची, की आज तरी काही म्हणतील.
बाबा यायचे, मोजे वाळत घालायचे, झोपायचे.

मार्चमध्ये कॅन्टीनच्या हिसानोबाईंनी
पेजर उचलला आणि सहज, मोठ्यानं वाचला.
त्यांनाही मुलगी होती.
बाबा अर्धं सूप टाकून उठले म्हणे.

त्या सकाळी सिंकमध्ये एकच बांगडा,
शेपटीला लिलावाची चिठ्ठी :
वजन ८१ किलो.
वीतभर मासा! मला हसूच आलं,
बाबांचं गणित पहिल्यापासून कच्चं.
मग दात घासताना, तोंडात फेस,
आठ सुटला : हा.
एक सुटला : इ.
हा-इ.
हो. आहे.

यावर आम्ही कधीच बोललो नाही.
बांगडा भाजला, जरा करपला, खाल्ला.

ओनोदेरा निवृत्त होऊनही वर्षं झाली.
त्याचं नववर्षाचं कार्ड मात्र दर वर्षी येतं बाबांच्या नावे :
वर शुभेच्छा, मध्ये त्या वर्षीचा प्राणी,
आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात,
दोन पेट्या?