मुद्दा क्रमांक सात

कसबा बावड्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या शेजारी
माझं टेबल. पानाला साठ रुपये.
दौलत इंगवले पाचशेचा स्टॅम्प घेऊन आले,
इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.
यांचाच सत्कार झालेला शाहू स्मारकात,
परदेशात उपाशी माणसं जगवली म्हणून.
मीही टाळ्या वाजवलेल्या, तिसऱ्या रांगेत.

'मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की'
हे मला झोपेतही येतं.
एक: मदत संस्थेत गोदामप्रमुख होतो.
दोन: देशाचं नाव. स्पेलिंग दोनदा विचारलं.
तीन: धान्यवाटपाची यादी माझ्या ताब्यात असे.
चार: यादीत नाव, गल्ली, घरात माणसं किती,
आणि जमातीचा एक रकाना.
"तो वरूनच छापून यायचा, हे नक्की घाला."
घातलं.
पाच: संस्थेने चौकशी केली. पुरावा अपुरा. बदली, बढतीसकट.
सहा: आता तिथल्या कोर्टाची नोटीस आली आहे.

"सात?"
ते रस्त्याकडे बघत राहिले. उसाची ट्रॉली गेली,
गेली तरी बघत राहिले.
"ट्रक मागितला त्यांनी, दिला. डिझेल भरून दिलं.
यादी मागितली नव्हती हो.
ती मीच काढून दिली. घरं चुकू नयेत म्हणून."
मग घाईघाईनं: "हे लिहू नका."

एकोणीसच्या महापुरात आमच्या जिन्याला बोट लागली.
जाकिटातल्या पोरानं विचारलं, किती माणसं?
पाच, मी ओरडले, पाच,
मागच्या खोलीत सासरे आहेत, त्यांना चालवत नाही,
दाराची कडी वरची, जरा उचलून ओढा.
सगळं सांगून मोकळी झाले.
त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.
भिजक्या वहीत त्यानं काढलेला पाचाचा आकडा
अजून दिसतो मला.

प्रिंट काढली. वाचून दाखवायचा माझा नियम आहे.
सहापर्यंत वाचलं. पुढे नुसताच
सात, आणि मोकळी ओळ.
"हा आकडा काढा की."
"काढा तुम्हीच. पेनानं, माझ्यासमोर.
आणि शेजारी सही करा, खाडाखोडीला सही लागते."

दोन पेनं खिशाला.
नोटरी जेवायला गेलेले.
झेरॉक्सवाल्यानं पंखा आमच्याकडे वळवला,
कागद उडायला लागला, तर
दोघांनीही हात ठेवला त्याच्यावर.