चार अंश, कुठून आलेला

कुपवाडच्या एमआयडीसीत, मगदूम अण्णांच्या शीतगृहात
बेदाणा झोपलेला असतो पंधरा किलोंच्या खोक्यांत,
खोक्यावर खोकं, सहा मजले झोप.
बाहेर मे. पत्र्यावर हात ठेवला तर फोड येईल.
मी वजनकाट्याच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसते
आणि हीच इमारत पुन्हा एकदा बांधते, वीट न लावता:
भिंतीत पफ शंभर मिलिमीटर, छताला थोडं जास्त,
दारं चार, हमाल अकरा,
एकेका हमालाच्या अंगाची ऊब वॅटमध्ये.

पहिल्या धावेत आलेख सरळ आला.
चार अंश. चार. चार. चार.
वर्षाचे आठ हजार सातशे साठ तास
एका ओळीत, तलाठ्याने पट्टी लावून आखल्यासारखे.
अण्णा खूश. म्हणाले, छापून द्या, बँकेत दाखवतो.

दिलावर नदाफ कंप्रेसरवर बावीस वर्षं आहेत.
उजव्या कानाने कमी येतं, म्हणून पाइपला बोट लावून ऐकतात.
त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"ह्ये कुणाचं हाय? आपलं न्हाई.
आपलं पाचावर उठतंय, तीनावर बसतंय.
मधल्यात त्येला कोण इचारत न्हाई."

मधल्यात.
पुस्तकात त्याला डेडबँड म्हणतात, मेलेला पट्टा.
मी तो शून्य ठेवला होता.
म्हणजे मी ठेवला नव्हता, तो तसाच होता,
सॉफ्टवेअरने रिकाम्या चौकटीत आपणहून भरलेला,
आणि शून्य दिसलं की आपण पुढच्या चौकटीत जातो.

रात्री विश्रामबागेतल्या खोलीवर पुन्हा बसले.
दहा मिनिटांचं पाऊल एका मिनिटावर आणलं.
पाचाच्या वर गेलं: चालू. तीनाच्या खाली: बंद.
एवढं सोपं.
मग चारावर अडले.
चार हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.
एक चार वरून उतरत येतो, यंत्र धडधडत असतं;
एक चार खालून चढत येतो, यंत्र गप्प;
थर्मामीटरला दोन्ही सारखेच.
तेव्हा एक चल लागतो, मागचं लक्षात ठेवणारा,
आणि एक ओळ:
मधे असशील तर आधी जे करत होतास तेच कर.

या वेळी आलेख करवतीसारखा आला,
दात दुपारी दाट, पहाटे विरळ,
आणि साडेदहाला, ट्रक लागून दारं उघडी राहतात तेव्हा,
एक दात भलताच उंच, वेडावाकडा.
दिलावरभाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला.
उत्तर आलं: आत्ता कसं.
अण्णांचं आलं: बिल वाढलं का काय?

जतला आईला फोन लावला तेव्हा दहा वाजून गेले होते.
गुडघ्याच्या ऑपरेशनला सतरा दिवस.
कशी आहेस? बरी आहे.
रोज हेच. बरी. बरी. बरी.
आणि मी रोज त्यावर बरोबरची खूण करून झोपते.
आज ठेवला नाही फोन.
काल कशी होतीस, विचारलं.

ती थांबली. इतकी थांबली की
तिच्या स्वयंपाकघरातला जुना फ्रिज
खडखडून सुरू झालेला मला इथे ऐकू आला.
"काल ना," म्हणाली,
"थांब, आधी दार लोटून येते, फार आवाज करतो हा."
आणि मी तिच्या काठीचा आवाज मोजत राहिले.
टक.
बराच वेळ काही नाही.
टक.